सहा दहाचा नकार

११ ऑगस्ट, सोमवार

चाललं. एकदाचं चाललं. ओट्यावर लॅपटॉप, शेजारी गॅसवर चहा, आणि काळ्या पडद्यावर एकामागून एक नावं पडत गेली. त्रेचाळीस मुली, चहाला उकळी येईपर्यंत सगळ्या बघून झाल्या.

गेला महिनाभर हेच काम ऑफिसात हातानं करत होते. सरकारी वसतिगृहाचं पोर्टल उघडायचं, एका मुलीच्या नावानं आत जायचं, अर्जाचं काय झालं ते बघायचं, बाहेर यायचं, की पुढची मुलगी. दोन तास जायचे. मान मोडायची. आता एक ओळ टाइप करते आणि एंटर मारते. ब्राउझर मागच्या मागं चालू होतो, खिडकी उघडतच नाही. तिथंच कुठंतरी पान उघडतं, पासवर्ड भरला जातो, माझं जावास्क्रिप्ट पानावरचा एक शब्द उचलतं आणि माझ्यापुढं आणून टाकतं. मंजूर, नामंजूर, प्रक्रियेत.

हे पहिल्या पाळीला निघाले होते, डबा हातात. पडद्याकडं वाकून बघितलं. म्हणाले, "कुठं काय चाललंय? मला तर काहीच दिसेना." म्हटलं, तीच तर गंमत आहे.

बार्शीला कॉलेजात शिकलेलं लग्नानंतर बारा वर्षं पेटीत पडून होतं. इथं सालवडला आल्यापासून डबे आणि दोन वर्षांची ही कॉलेजच्या ऑफिसातली कंत्राटी कारकुनी, एवढंच. आज फार बरं वाटलं. कुणाला सांगू कळेना, म्हणून इथं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

आता हाताचं एंटरसुद्धा लागत नाही. रोज सकाळी सहा दहाला आपलं आपण चालतं, यादी तयार. राऊतसरांना (आमचे हेडक्लार्क, कुणाचं कौतुक केलं तर पगार कापला जाईल अशी भीती असलेला माणूस) यादी दाखवली. चष्मा कपाळावर नेऊन म्हणाले, "रोज देणार ना अशी?" म्हणजे आवडली.

सगळ्या मुलींचे पासवर्ड आमच्याच रजिस्टरात आहेत. पूर्वीपासूनची पद्धत. मुली डोंगरातल्या पाड्यांवरच्या, फोनला रेंज नाही, पासवर्ड विसरतात, मग अर्ज भरतानाच ऑफिसात लिहून ठेवायचा. माझ्याआधीच्या बाईंनी ठेवला, मीही ठेवला.

दुपारी सुनीता आली होती. पहिलं वर्ष बी.एस्सी. तिला सगळ्यात जास्त घाई आहे, आणि ते खरंच आहे. पावसाळाभर आईबाप पाड्यावर भात लावतात, ही दीड-दोन तास एस.टी.नं येते-जाते. दिवाळी झाली की घराला कडी लावून सगळे वीटभट्टीवर जातात, थेट पाऊस येईपर्यंत. मग ही कुठून येणार कॉलेजला? वसतिगृह मिळालं तर शिक्षण, नाही तर भट्टी. मधलं काही नाही. तिनंच एकदा असं सांगितलं, बोटावर मोजून, दोनच बोटं.

"ताई, माझं काय हाय?"

"प्रक्रियेत."

"म्हंजे नाय बोलले नाय ना अजून?"

म्हटलं, नाही बाई. रोज बघते मी.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

गणपतीची सुट्टी. कॉलेजला कुलूप, तरी सहा दहाला यादी हजर. उकडीचे मोदक फुटले त्याचं काही वाटलं नाही आज. यांनी चिडवलं, "तुझा तो बिनखिडकीचा गडी सुट्टी घेत नाही का?" नाही घेत.

२ सप्टेंबर, मंगळवार

गौरींचं विसर्जन. सकाळपासून उभी. यादी बघितली ती नुसती वरवर. सगळ्या प्रक्रियेत. पाय दुखतायत.

४ सप्टेंबर, गुरुवार

सुनीताचे वडील, देवजीकाका, ऑफिसात आले होते. बाजाराला आले होते ते इकडं. दाराबाहेर चपला काढून आत आले. किती वेळा सांगितलं, काका, चपला राहू द्या. खिशातून फोन काढून माझ्यापुढं धरला, म्हणाले, "मेसेज आलाय, बगा जरा, पोरीचा हाय का." माझ्या हातात स्कॉलरशिपचे फॉर्म, समोर पाचजणी उभ्या. म्हटलं, "काका, फोन राहू द्या, माझ्याकडं रोजची यादी असते. सुनीताचं चालू आहे अजून. काही झालं की मीच निरोप देईन." फोन खिशात घालून गेले.

भला माणूस. जाताना पिशवीतून काकड्या ठेवून गेले टेबलावर.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

विशेष काही नाही. चौघींचं नामंजूर, उत्पन्नाचा दाखला जुना म्हणून. निरोप दिले. बाकी प्रक्रियेत.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

काय लिहू.

सुनीता अकराला आली. घामानं भिजलेली, स्टँडवरून पळत आली असणार. म्हणाली, "ताई, वसतिगृहाच्या फळ्यावर माझं नाव होतं म्हणं. आता खोडलंय. तिथल्या पोरीनं सांगितलं." मी हसले. खरंच हसले. म्हटलं, दुसरी सुनीता असेल, तुझं तर प्रक्रियेत आहे, आज सकाळचीच यादी आहे ही. तिला कागद दाखवला.

ती गेली नाही. उभीच राहिली. म्हणून तिच्यासमोर पोर्टल उघडलं, हातानं, खिडकीत. कितीतरी दिवसांनी.

जागा मिळाली होती. १ सप्टेंबरला. खाली लाल अक्षरात: उमेदवाराने नकार दिला. २ सप्टेंबर, सकाळी ६.१०.

तिनं वाचलं. मग माझ्याकडं बघितलं. "मी नाय दिला, ताई. मी तवा झोपेतून उठले पन नसंल."

म्हटलं, सिस्टीमची चूक असेल, बघते. हे मी म्हटलं. ती वेळ डोळ्यांनी वाचलेली असताना म्हटलं.

६.१० कुणाची वेळ आहे ते मला माहीत होतं.

२० सप्टेंबर, शनिवार

ऑफिस अर्धा दिवस. सगळे गेल्यावर बसले. दुपारचे अडीच ते पाच.

पहिली गोष्ट. जागा मिळालेली मुलगी आत गेल्याबरोबर पोर्टल एक चौकट पुढं करतं: आपणास वसतिगृहात जागा देण्यात आली आहे, आपण ती स्वीकारत आहात का? ओके किंवा कॅन्सल. कॅन्सल म्हणजे नकार. माहितीपुस्तिकेत पान सातवर छापलेलं आहे. मी पान सात वाचलेलं नव्हतं.

दुसरी गोष्ट. माझ्या त्या बिनखिडकीच्या ब्राउझरमध्ये अशी चौकट आली तर काय होतं? मी कधी विचारच केला नव्हता. चौकट दिसणार कुणाला, तिथं माणूसच नाही. म्हणून एक लहानसं पान लिहिलं. पाच ओळींचं. त्यात एकच प्रश्न: तुला जागा हवी आहे का? आणि काळ्या पडद्यावरून चालवलं, जसं रोज चालतं तसं.

उत्तर आलं: फॉल्स. म्हणजे नाही.

पुन्हा चालवलं. फॉल्स. प्रश्न बदलला. तुला पाणी हवंय का. फॉल्स. तू जिवंत आहेस का. फॉल्स. कुणी ऐकायला नसलं की सगळ्याच चौकटींना कॅन्सल. ज्या लायब्ररीवर, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या तयार कोडवर, मी हे सगळं बांधलं तिच्या माहितीत सरळ लिहिलंय. एक ओळ आहे. मी उदाहरण उचललं होतं, माहिती वाचली नव्हती.

मग खिडकी चालू करून बघितलं. चौकट आली आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत गेली. प्रश्न वाचतासुद्धा आला नाही.

तिसरी गोष्ट मात्र सगळी माझी. मी माझ्या प्रोग्रॅमला, त्या स्क्रिप्टला, सांगितलं होतं: मंजूर दिसलं तर मंजूर लिही, नामंजूर दिसलं तर नामंजूर, बाकी काहीही दिसलं तर प्रक्रियेत. "नकार दिला" हे बाकीमध्ये गेलं. अठरा दिवस रोज सकाळी त्या पानावर नकार दिला असं लिहिलेलं होतं आणि माझी यादी मला प्रक्रियेत म्हणून सांगत होती.

बाकीच्या बेचाळीस हातानं बघितल्या. कुणालाच जागा मिळालेली नाही, म्हणून कुणालाच प्रश्न विचारला गेला नाही. एकीलाच मिळाली आणि तिचीच मी घालवली.

२१ सप्टेंबर, रविवार

यांना शिरगावला नेलं. म्हणजे मीच म्हटलं, चला, किनाऱ्यावर जाऊ. घरात बोलता येईना. किल्ल्याच्या भिंतीच्या सावलीत बसलो आणि सगळं सांगितलं.

हे बराच वेळ वाळूत बोटं घालत राहिले. कारखान्यात कंट्रोल रूमला पॅनेलवर असतात. म्हणाले, "आमच्याकडं असतो एखादा. अलार्म वाजला की बघायच्या आधी बटण दाबतो. आवाज नको म्हणून. त्याला आम्ही पॅनेलवर ठेवत नाही."

रडू आलं. त्यांना वाटलं फार बोलले, म्हणून भुर्जीपाव आणायला उठले. पण ते बरोबरच बोलले. आणि तेव्हाच आठवलं. देवजीकाका. फोन पुढं धरलेला. ४ तारीख. सात दिवसांची मुदत होती उत्तर द्यायला किंवा बदलायला, म्हणजे ८ पर्यंत. मेसेज तोच होता. त्या माणसानं बाजाराच्या दिवशी रेंजमध्ये आणून माझ्या नाकासमोर धरला आणि मी म्हटलं, फोन राहू द्या काका.

स्क्रिप्टनं चौकट न वाचता बंद केली. मी फोन न वाचता. तिला निदान तसं शिकवलेलं होतं.

भुर्जीपाव तसाच परत आणला.

२३ सप्टेंबर, मंगळवार

सकाळचं सहा दहा बंद केलं. कायमचं.

हेल्पलाइन. पन्नास मिनिटं गाणं ऐकलं. मग, "मॅडम, सिस्टम में कैंडिडेट ने रिफ्यूज किया दिखा रहा है." म्हटलं, चूक झाली. "किसकी चूक?" फोन ठेवला मी.

राऊतसरांना सांगावंच लागलं. ऐकून घेतलं. दार लावून घेतलं. मग म्हणाले, "हे बघा, असे अर्ज जातात. फेरविचाराचा छापील नमुना आहे. मुलीनं लिहून द्यायचं, माझ्याकडून चुकून नकार दाबला गेला. घेतात कधीकधी. तुमचं नाव कशाला मधे आणता?"

म्हटलं, पण तिनं दाबलं नाही.

"पासवर्ड तुमच्याकडे कसे, हे विचारतील. पुस्तिकेत लिहिलंय, लॉगिन फक्त उमेदवारानं करावं. एकीचं बाहेर आलं की बेचाळीस जणींचे अर्ज चौकशीत. मग काय कराल? आणि तुमचं कंत्राट मार्चला संपतंय, ते वेगळंच."

वाईट माणूस नाहीत ते. त्यांनी जे सांगितलं त्यातलं एकही वाक्य खोटं नाही. तेच जास्त लागलं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

आज सांगितलं. सुनीताला आणि देवजीकाकांना, दोघांनाही. कॉम्प्युटरच्या खोलीत बसवलं, देवजीकाका खुर्चीच्या अगदी टोकावर बसलेले.

तोंडानं सांगायला लागले तर मधेच अडकत होते. म्हणून ते पाच ओळींचं पान सु.पुढं उघडलं. म्हटलं, वाच. तिनं मोठ्यानं वाचलं, "तुला जागा हवी आहे का?" मग काळ्या पडद्यावर चालवून दाखवलं. फॉल्स. सांगितलं, याचा अर्थ नाही. रोज सकाळी मी हे असं चालवत होते, तुझ्या नावानं.

ती त्या शब्दाकडं बघत राहिली. "कोनाला विचारलं त्यानं?"

"कुणालाच नाही."

"मंग विचारलं कशाला?"

देवजीकाकांना सगळं कळलं नाही, किंवा कळूनही त्यांनी धरून ठेवलं नाही. म्हणाले, "ताईनी दाबलं ना? मंग काय तरी इचार करूनच दाबलं असंल." मी म्हटलं, काका, मी विचार केला नाही, मी बघितलंसुद्धा नाही, आणि तुम्ही फोन आणलात तेव्हाही बघितला नाही. मग पोरीकडं बघून म्हणाले, "मी बोललो व्हतो तुला, मेसेज हाय म्हनून." म्हणजे घरी त्यांच्यात यावरून बोलाचाली झालेली. हीच त्यांना म्हणाली असेल, बाबा, ताई रोज बघतात.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दोघं पाणी पिऊन गेले.

३० सप्टेंबर, मंगळवार

फेरविचाराचा छापील नमुना सु.पुढं ठेवला. मीच ठेवला. चार दिवस स्वतःला समजावत होते की जागा परत मिळणं महत्त्वाचं, चूक कुणाच्या नावावर जाते ते नंतर बघू. राऊतसर शेजारी उभे.

तिनं सगळा वाचला. हळू वाचते ती, बोट ठेवून. "माझ्या निष्काळजीपणामुळे." तिथं बोट थांबलं.

"मी नाय लिहिनार."

सर म्हणाले, "अगं, नुसतं लिहायचं असतं. जागा मिळेल."

"मी दाबलंच नाय तर मी का लिहू? मला पायजे व्हती ती जागा. हे लिहिलं तर मला नको व्हती असं व्हईल."

तिला सांगितलं, हवं तर माझ्याकडं राहा, सालवडला. दोन खोल्या आहेत, आम्ही दोघंच. कॉलेज दहा मिनिटं. मनापासून म्हटलं. तिनं फॉर्मवरचं बोट काढलं. मग, "नको, ताई. तुमच्या घरी कशाला? माजी जागा व्हती ना." आणि फॉर्म उलटा करून टेबलावर ठेवला.

सर बाहेर आल्यावर म्हणाले, फार ताठ आहे पोरगी. मला तिचा राग आला नाही. स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती. अठरा वर्षांची मुलगी खोटं लिहायला तयार नाही, आणि मी तिच्या हातात पेन देत होते.

६ ऑक्टोबर, सोमवार

चूक माझी, असं मीच लिहून देणार. ठरलं. यांना विचारलं. म्हणाले, "मार्चनंतर बघू काय ते. तू तरी नीट जेव आधी."

पण त्याआधी बाकीच्या बेचाळीस. सगळ्यांना कॉम्प्युटरच्या खोलीत बोलावलं, सात सात जणी. प्रत्येकीनं स्वतः पोर्टल उघडायचं, स्वतः नवीन पासवर्ड घालायचा, मला सांगायचा नाही. निम्म्याजणींनी आपला स्वतःचा अर्ज पहिल्यांदा बघितला. एकीनं तर आपलाच फोटो बघून तोंडावर हात घेतला. पाम गावातली एक सारखी विचारत होती, "ताई, मधीच काय बॉक्स आला तर?" म्हटलं, वाच. मोठ्यानं वाच. कळलं नाही तर शेजारणीला वाचायला लाव. घाई करू नको. पुन्हा पुन्हा तेच सांगत होते. शेवटी घसाच बसला.

सु. सगळ्यांच्या नंतर आली. तिच्या पानावर ते लाल अक्षर तसंच. तिनंही पासवर्ड बदलला. टाइप करताना दुसऱ्या हातानं की-बोर्ड झाकून घेतला.

रजिस्टरातली पासवर्डची पानं फाडून राऊतसरांच्या समोर बारीक केली. ते म्हणाले, "उशिरा सुचलं." हो.

९ ऑक्टोबर, गुरुवार

पालघर. मी आणि सु. देवजीकाका येणार होते, पण भात कापणी. वसतिगृहांच्या सरकारी कचेरीत साडेदहापासून बाकावर. तीनला आत घेतलं.

आतल्या मॅडम माझ्याच वयाच्या असतील. माझं निवेदन वाचलं. दोन पानं. सोबत लॉगचा कागद जोडला होता, रोजच्या तारखा, सगळीकडं ६.१०, २ सप्टेंबरला खूण केलेली. आणि ते पाच ओळींचं पानही छापून लावलं होतं.

"म्हणजे तुम्ही तिच्या नावानं लॉगिन करत होतात?"

"हो."

"माणसानं दाबलंच नाही, प्रोग्रॅमनं दाबलं, असं म्हणणं आहे?"

म्हटलं, प्रोग्रॅम माझा. मी दाबलं म्हणा.

त्यांनी त्यांच्या स्क्रीनवर काहीतरी उघडलं आणि वळवून मला दाखवलं. नकाराचं कारण: उमेदवाराची चूक. पालकांची चूक. दोनच. "यातलं निवडल्याशिवाय पुढं जात नाही हे. तुम्ही सांगताय ते मला कळतंय, पण मी घालू कुठं?"

मग त्या सु.कडं वळल्या. बहुतेक सहज, किंवा काही सुचेना म्हणून. "तुला जागा हवी आहे का गं?"

सु. उभी राहिली. शाळेत उत्तर द्यायला उभं राहतात तशी. "हो. पायजे."

एवढंच. मला पलीकडं कॅलेंडरकडं बघावं लागलं.

मॅडमनी दुसऱ्या खिडकीवर पाठवलं. निवेदन आवक रजिस्टरात चढलं, शिक्का मिळाला. मॅडम म्हणाल्या, वर पाठवते. तिची जागा दुसऱ्या मुलीला गेलीय, ती आता राहायला आलीय, तिला काही काढता येणार नाही. पण दिवाळीनंतर एखादी सोडून जाते, तेव्हा बघू. आणि पासवर्डच्या बाबतीत कॉलेजला पत्र जाईल, ते मला थांबवता येणार नाही.

म्हटलं, जाऊ द्या.

एस.टी.त सु. खिडकीशी बसली. सफाळ्याची का कुठली एक बाई शेंगा विकत होती, सु.नं पाच रुपयांच्या घेतल्या, मला दिल्या.

तिच्या जागेवर आता एक मुलगी राहते आहे. तिचंही कुठंतरी घर बंद होत असेल. हा विचार आधी आलाच नव्हता. आता जात नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

पत्र आलं कॉलेजला. खुलासा मागवलाय. राऊतसरांनी मसुदा केला, मला दाखवला. माझ्यावर फार काही टाकलेलं नाही त्यांनी. "कार्यबाहुल्यामुळे" असा शब्द घातलाय. तो काढा म्हटलं. म्हणाले, राहू द्या हो.

बेचाळीस मुलींबद्दल पत्रात काही नाही. अजून तरी.

सु.ला निरोप: काही कळलं नाही.

भूक लागत नाही. झोपून उठलं की पहिल्यांदा तेच आठवतं.

२७ ऑक्टोबर, सोमवार

दिवाळी झाली. फराळ केला, कुणासाठी केला कोण जाणे. अर्धा तसाच डब्यात.

दुपारी सु. आली, कॉलेजचं ओळखपत्र जमा करायचं का विचारायला. म्हटलं, का? म्हणाली, "परवा निगतो आमी. भट्टीवर." मी म्हटलं, ओळखपत्र ठेव. जमा करायचं नसतं. खरं तर काय नियम आहे मला माहीत नाही. तिनं ते पुन्हा गळ्यात घातलं.

पुस्तकं नेणार आहे. रसायनशास्त्राची वही मला मागितली, कोरी. कपाटातल्या सगळ्या दिल्या.

म्हटलं, पोर्टल रोज बघत जाशील ना? तिथं रेंज असेल. नाही तर पासवर्ड मला दे, मी बघते, हातानं बघते, खिडकी उघडून. बोलून गेले आणि जीभ चावली.

ती रागावली नाही. "नको. माजं मी बगीन. बॉक्स आला तर हो मीच बोलनार."

"मला कळव."

"बगते."

२९ ऑक्टोबर, बुधवार

आज निघाले असतील. टेम्पोत भांडी, गोधड्या, कोंबड्या, माणसं. मी बघितलं नाही, कॉलेजात होते. दिवसभर दरवाजाकडं लक्ष.

यांनी संध्याकाळी विचारलं, गेली का ती? म्हटलं, हो.

३ नोव्हेंबर, सोमवार

सवय जात नाही. सहाला उठते, चहा ठेवते, सहा दहाला हात लॅपटॉपकडं जातो. आज उघडलाच. पोर्टल उघडलं, खिडकीत. सु.चं नाव घातलं, जुना पासवर्ड घातला. तो चालणार नाही हे माहीत असूनही. पासवर्ड चुकीचा आहे, असं आलं. खाली ओके. दाबलं नाही लगेच. दोनदा वाचलं, मग दाबलं.

जागा रिकामी झाली असेल. प्रश्न आला असेल, तिनं वाचला असेल. भट्टीवर रेंज नसेल. फोन देवजीकाकांच्या खिशात असेल. मुदत सात दिवसांची असते. यातलं काहीच मला इथून दिसणार नाही.

तिनं पासवर्ड दिला नाही ते बरोबर केलं.

ऑफिसात गेल्यावर राऊतसर म्हणाले, त्रेचाळीस जणींची आजची यादी द्या, खुलाशाला जोडायचीय, एकही रकाना रिकामा नको. मुलींना बोलावून विचारून विचारून भरली. एकेक जण येऊन आपलं आपण वाचून सांगत होती. प्रक्रियेत, प्रक्रियेत, नामंजूर, प्रक्रियेत. दुपारपर्यंत बेचाळीस झाल्या. सुनीताच्या नावापुढं पेन धरून बसले. सर म्हणाले, प्रक्रियेत लिहून टाका, मुलगी गेलीय, कोण बघणार.

माहीत नाही, असं लिहिलं. सही केली आणि यादी त्यांच्या टेबलावर ठेवली.